समुद्रकाठचे सर्फिंग-योग शिबिर : एका आठवड्याचे परीक्षण

शिबिराला जाण्याच्या महिनाभर आधी जे माहितीपत्रक हाती पडले, त्यात आठवड्याचे सातही दिवस एकाच साच्यातून काढल्यासारखे होते : सकाळी ७ वाजता सर्फिंग, साडेनऊला न्याहारी, दुपारी विश्रांती, संध्याकाळी ५ वाजता योगवर्ग आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. घड्याळाच्या जाचाला कंटाळून सुटी घेणाऱ्या माणसाला असे आखीव वेळापत्रक का आवडावे, हे एक कोडेच आहे. पण मला ते आवडले आणि त्याच भरवशावर मी नावनोंदणी केली. प्रत्यक्षात सर्फिंगची छापील वेळ सातांपैकी जेमतेम दोन दिवस पाळली गेली, तर योगवर्गाची वेळ एकदाही बदलली नाही. सर्फिंग ठरल्या वेळी झाले नाही म्हणूनच ते उत्तम झाले आणि योगवर्ग मात्र वेळ पाळूनही बराचसा वाया गेला, असे माझे मत झाले. ते का झाले, हे जरा विस्ताराने सांगते.

भरती-ओहोटीचे कारण शाळेत सर्वांनीच शिकलेले असते, पण त्याचा हिशेब पहाटे अंथरुणातून उठवणारा असू शकतो, याची मला कल्पना नव्हती. ज्या किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, तिथे लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणजे आजच्यापेक्षा उद्याची भरती आणि ओहोटी सुमारे ५० मिनिटे उशिरा. आमच्या पहिल्या सकाळी ५ वाजता असलेली पूर्ण ओहोटी सातव्या सकाळी १० वाजता होती. पूर्ण ओहोटीला तिथली लाट इतक्या उथळ पाण्यात फुटत असे की पडणाऱ्याचे गुडघे वाळूवर खरवडून निघत, आणि पूर्ण भरतीला पाणी काठाच्या तीव्र उतारापर्यंत चढून लाट एकदम आपटत असे. शिकणाऱ्याच्या कामाचे पाणी मिळे ते या दोहोंच्या मध्ये, अर्ध्या भरतीच्या आसपास, दोन-अडीच तास.

त्यात वाऱ्याचा हिशेब वेगळाच. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, येणाऱ्या लाटेला समोरून किंचित अडवून धरतात आणि ती उशिरा, स्वच्छ रेषेत फुटते. ऊन चढून खारे वारे सुटले की पाण्याची सगळी घडी विसकटते. वारा सूर्याच्या तालावर चालतो आणि पाणी चंद्राच्या. तेव्हा रोज ७ वाजता दोन्हींनी मिळून शिबिरार्थींच्या सेवेला हजर राहावे, ही अपेक्षा छापखान्यातच शोभते.

मुख्य प्रशिक्षकाला हे पक्के ठाऊक होते. जेवणघराच्या दाराशी एक फळा टांगलेला होता आणि त्यावर तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाची वेळ खडूने लिहीत असे : पहिल्या दिवशी साडेसहा, मग ७:२०, मग ८:१०, मग ९. पाचव्या दिवसासाठी आम्ही सगळे ९:५० धरून बसलो होतो, तर फळ्यावर ५:४५. कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले की चढत्या पाण्याची वाट पाहिली तर तोवर वारा उलटेल, म्हणून आता उतरत्या पाण्यात शिरायचे. चौथ्या दिवशी ९ वाजता उतरल्यावर चाळीस मिनिटांतच वाऱ्याने सगळ्यांना बाहेर काढले होते, त्यामुळे त्याचे म्हणणे कोणाला फारसे समजावून सांगावे लागले नाही. झुंजुमुंजू होताना आम्ही पाण्यात होतो आणि ती आठवड्यातली सर्वांत सुंदर सकाळ ठरली. माझ्या मते या शिबिराने आकारलेल्या शुल्कापैकी निम्मे तरी त्या फळ्याचे आहे.

शिकवण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवलेली होती. पहिला पाऊण तास पाण्याला पाय लावू दिला नाही. वाळूवर बोटाने बोर्डाचा, म्हणजे लाटेवर उभे राहायच्या फळीचा, आकार काढायचा, त्यात पालथे पडायचे, हातांनी वल्हवल्यासारखे करायचे आणि सांगितल्याबरोबर छातीशी तळवे टेकवून एका झटक्यात उभे राहायचे. मला हा पोरखेळ वाटला होता, पण त्याच वेळी प्रशिक्षकाने लाटेविषयी जे सांगितले ते पुढे रोज उपयोगी पडले. लाटेच्या खालची बाजू तळाला घासून मंदावते, वरची बाजू पुढे झुकते आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की ती फुटते. म्हणजे तीन फुटांची लाट सुमारे चार फूट पाण्यात फुटणार. त्यानंतर कुठे उभे राहायचे हे विचारावे लागत नसे. फेस कुठे उठतो त्यावरून पाण्याची खोली आणि स्वतःची जागा, दोन्ही कळत.

सगळ्यांना आठ-नऊ फुटांचे, मऊ फोमचे बोर्ड दिले होते. एका तरुण शिबिरार्थीला सहा फुटांचा, चकचकीत फायबरग्लासचा बोर्ड हवा होता आणि त्यासाठी त्याने बराच हट्ट धरला. प्रशिक्षकाने तो पुरवला नाही, हे योग्यच झाले. लांब, रुंद आणि जाड बोर्ड जास्त तरंगतो, कमी वेगाच्या लाटेवरही सरकू लागतो आणि डोक्यावर आदळला तरी टेंगळावर निभावते. बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीविषयी, म्हणजे लीशविषयी, सांगताना त्याने जॅक ओनील यांचे उदाहरण दिले. वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात ऊब राखणाऱ्या रबरी पोशाखाच्या, व्यवसायात ज्यांचे नाव जगभर झाले त्या ओनील यांचा एक डोळा १९७१ मध्ये गेला, तो ताणलेल्या लीशमुळे बोर्ड उसळून परत आल्याने. तेव्हाची लीश रबरी नळीची असे आणि आजची तेवढी ताणत नाही, तरीही पडल्यावर पाण्याबाहेर येताना आधी हात डोक्यावर आणि चेहऱ्यासमोर, मग डोके, हा क्रम त्याने आम्हा प्रत्येकीकडून आणि प्रत्येकाकडून दहा-दहा वेळा करून घेतला. तिसऱ्या दिवशी माझ्याच बोर्डाची कड माझ्या मनगटावर बसली. हात नसता तर ती नाकावर बसली असती.

उभे राहण्याचा क्षण मात्र कोणत्याही सूचनेने शिकवता येत नाही, असे मला वाटते. दोन दिवस मी गुडघ्यावर येऊन थांबत होते आणि तिथूनच एका बाजूला कलंडत होते. बोर्डाची मागची बाजू उचलली जाते, पाणी एकदम आवाज करू लागते, आणि नेमके तेव्हाच मन पायाकडे पाहायला सांगते. तिसऱ्या सकाळी प्रशिक्षक बोर्ड ढकलता ढकलता म्हणाला, "पायांकडे पाहू नका, ते कुठे जात नाहीत. काठावरचा तो पांढरा खांब दिसतो ना, त्याच्याकडे पाहा." मी खांबाकडे पाहिले. पुढचे सहा-सात सेकंद मला फक्त खांब आठवतो. तो हळूहळू मोठा होत गेला आणि मग बोर्डाखालचे फिन, म्हणजे दिशा सांभाळणारे पाते, वाळूत रुतून मी तोंडावर आपटले. उभी होते हे मला इतरांनी सांगितले.

या साऱ्याचे प्रमाण काय, हे इच्छुकांनी आधीच समजून घ्यावे. सहाव्या दिवशी मी मुद्दाम मोजले : दीड तासात मला अकरा लाटा मिळाल्या आणि एकही आठ सेकंदांपेक्षा जास्त टिकली नाही. म्हणजे नव्वद मिनिटांत दीड मिनिटसुद्धा नाही. बाकी सगळा वेळ वल्हवण्यात, बोर्ड वळवण्यात, वाट पाहण्यात आणि नाकातोंडात गेलेले पाणी काढण्यात जातो. जाहिरातीतल्या छायाचित्रांत ती उरलेली अठ्ठ्याऐंशी मिनिटे नसतात; शरीरात मात्र तीच साठतात. पालथे पडून, छाती आणि मान उचलून, तासभर दोन्ही हात आळीपाळीने पाण्यात ओढायचे, म्हणजे खांद्याचा पुढचा भाग, मानेचा मागचा भाग आणि कंबर यांवर सतत ताण. फासळ्या बोर्डावर दाबल्या जाऊन दुखतात, ते वेगळेच.

आणि इथे योगवर्गाचा प्रश्न येतो. सर्फिंग आणि योग ही जोडी हल्ली इतकी रूढ झाली आहे की ती का जोडली, हे कोणी विचारत नाही. खरे तर जोडण्याला चांगले कारण आहे. वल्हवण्याने जे आखडते ते मोकळे करणारी आसने योगात आहेत, उभे राहण्यासाठी लागणारी नितंबांची आणि घोट्यांची लवचीकता आसनांनी येते आणि पाण्याखाली दोन-चार सेकंद कोंडल्यावर घाबरून न जाण्यासाठी श्वासाची ओळख असलेली बरी. पण त्यासाठी योगशिक्षिकेने सकाळी समुद्रात काय झाले हे विचारायला हवे. आमच्या शिक्षिकेने पहिले चार दिवस ते विचारले नाही. ठरलेला, एकातून एक वाहत जाणारा आसनक्रम, त्यात पुन्हापुन्हा चतुरंग दंडासन, म्हणजे पालथे, हातांवर भार घेऊन शरीर जमिनीलगत तोलायचे, आणि त्याला जोडून ऊर्ध्वमुख श्वानासन, म्हणजे हात ताठ करून छाती वर उचलत मागे वाकायचे. दुसऱ्या संध्याकाळी मी चतुरंग मोजले, ते चोवीस भरले. सकाळी जे खांदे दीड तास ओढले गेले त्यांच्यावरच संध्याकाळी सगळा भार, आणि जी कंबर सकाळभर मागे वाकलेली होती ती पुन्हा मागे वाकवायची. तिसऱ्या दिवशी अकरांपैकी चौघांनी वर्गाला दांडी मारली, ती आळसाने नव्हे.

भिंतीवर तिचे २०० तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लावलेले होते. हा अभ्यासक्रम आज जगभर प्रवेशपरवान्यासारखा चालतो आणि त्याने आसनांची नावे व क्रम येतात, याबद्दल दुमत नाही. दमलेल्या शरीराकडे पाहून ठरलेला क्रम बाजूला ठेवणे त्यात शिकवतात की नाही, हे प्रमाणपत्रावरून समजत नाही. शवासनाच्या वेळी ध्वनिक्षेपकावर लाटांचा ध्वनिमुद्रित आवाज लावला जाई. खिडक्या बंद करून. बाहेर साठ पावलांवर खरा समुद्र गर्जत असताना हा प्रकार पाहून मला डोळे मिटूनही हसू आवरले नाही.

हसण्यावारी नेता येणार नाही अशीही एक गोष्ट घडली. चौथ्या संध्याकाळी तिने जलद श्वसनाचा प्रकार घेतला आणि पाण्यात शिरण्यापूर्वी तो केला तर पाण्याखाली जास्त वेळ श्वास रोखता येईल, असे सांगितले. हा सल्ला चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो. श्वास घेण्याची निकड आपल्याला जाणवते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. जलद श्वसनाने तो आधीच कमी केला तर ऑक्सिजन संपत आला तरी निकड जाणवत नाही आणि माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्यात बेशुद्ध पडू शकतो. पोहण्याच्या आणि डुबकीच्या प्रशिक्षणात हे पहिल्या काही धड्यांत सांगितले जाते. प्रशिक्षकाच्या कानावर हे गेल्यावर त्याने दुसऱ्या पहाटे सर्वांना एकत्र करून तसे करू नका असे स्पष्ट बजावले, पण शिबिराचे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यातून उघड झाले.

पाचव्या दिवशी शिक्षिका आजारी असल्याने एक वयस्क शिक्षक बदली म्हणून आले आणि योगवर्ग कसा असायला हवा होता, ते तेव्हा दिसले. आल्याबरोबर त्यांनी विचारले, "आज किती वेळ पाण्यात होतात आणि कुठे दुखते आहे?" मग एकेकाच्या पाठीखाली लोड ठेवून छाती मोकळी होईल असे पडून राहायला सांगितले, खांद्यांसाठी गोमुखासनातली फक्त हातांची स्थिती (एक हात वरून, एक खालून पाठीमागे नेऊन बोटे गुंफायची), ज्यांचे हात पोहोचत नाहीत त्यांना पट्टा, कमरेसाठी उताणे पडून पीळ देणारे मर्कटासन, आणि शेवटी भिंतीला पाय लावून दहा मिनिटे. श्वासाच्या नावाखाली फक्त सावकाश, लांब उच्छ्वास. पन्नास मिनिटांत एकही उभे आसन नाही. वर्गानंतर दोघी-तिघी तिथेच झोपी गेल्या आणि शिक्षकांनी कोणाला उठवले नाही. सहाव्या सकाळी माझे हात डोक्याच्या वर गेले, जे त्याआधी दोन दिवस गेले नव्हते. सहाव्या संध्याकाळी मूळ शिक्षिका परत आली आणि चतुरंगही परत आले.

सुरक्षिततेबाबत माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे आणि ती प्रशिक्षकांविषयी नसून आयोजकांविषयी आहे. नावनोंदणीच्या अर्जात "पोहता येते का?" या प्रश्नापुढे होय लिहिले की काम भागत होते, पाण्यात उतरवून कोणी खात्री केली नाही. दुसऱ्या सकाळी आमच्यापैकी एक बाई रिप करंटमध्ये सापडल्या. लाटांनी काठाकडे लोटलेले पाणी जिथे वाट मिळेल तिथून एका पट्ट्यात परत समुद्राकडे जाते, तो हा प्रवाह. गंमत अशी की नवख्याला तोच पट्टा सर्वांत शांत दिसतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत, आणि म्हणून तो नेमका तिकडेच वळतो. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. त्याच्याविरुद्ध काठाकडे पोहण्याचा प्रयत्न करणारा दमून बुडतो. काठाला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे किंवा नुसते तरंगत राहून हात वर करावा, असे आम्हाला सांगितले होते आणि त्या बाईंनी बोर्ड न सोडता हात वर केला, म्हणून प्रशिक्षक दोन मिनिटांत त्यांच्यापाशी पोहोचला. काठावर आल्यावर त्या म्हणाल्या की त्यांना तलावात पोहता येते, समुद्रात त्या कधी उतरल्याच नव्हत्या. अर्जात हे लिहायला जागा नव्हती.

पहिले तीन दिवस तीन प्रशिक्षक होते, म्हणजे दर चौघांमागे एक. चौथ्या दिवसापासून एक जण निघून गेला आणि उरलेल्या दोघांवर अकरा जण आले. याबद्दल आयोजकांनी ना आधी सांगितले, ना नंतर. तलावाच्या पोहण्यावर समुद्रात उतरलेली व्यक्ती गटात आहे हे कळल्यावर तरी ही संख्या कमी व्हायला नको होती.

रात्रीच्या फावल्या वेळात एक व्याख्यान झाले. सर्फिंगचा भाग चांगला होता : हवाई बेटांवरची लाकडी फळ्यांची परंपरा, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारे ड्यूक कहानामोकू, त्यांनी १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर दाखवलेली प्रात्यक्षिके आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, या खेळाचा झालेला प्रवेश. योगाच्या भागात मात्र आमचा संध्याकाळचा आसनक्रम जसाच्या तसा पाच हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे सांगितले गेले. योगविचार प्राचीन आहे हे खरेच, पण सूर्यनमस्कारांचा व्यायाम म्हणून हिरिरीने प्रसार करणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालवणारे कृष्णम्माचार्य ही विसाव्या शतकातली माणसे आहेत आणि आजच्या अशा वाहत्या वर्गांवर त्या काळाचा ठसा मोठा आहे. इतके सांगितले असते तर व्याख्यान लहान झाले असते आणि खरेही.

राहण्याची व्यवस्था स्वच्छ आणि साधी होती. ओले कपडे वाळत घालायला अकरा जणांत एकच दोरी होती, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकाचा वेटसूट दमट आणि वासाचा झाला. दोन वेटसूट किंवा निदान जास्तीचा रॅशगार्ड, म्हणजे कातडी घासू न देणारा अंगालगतचा सदरा, सोबत न्यावा. छातीला आणि गुडघ्यांना फोम घासून जी सालटी निघतात ती खाऱ्या पाण्यात फार चुरचुरतात.

ज्यांना सर्फिंग खरोखर शिकायचे आहे आणि जे आधी समुद्रात पोहलेले आहेत, त्यांनी इथे जरूर जावे. शांतता आणि साधना शोधणाऱ्यांची निराशा होईल. तारखा ठरवताना मात्र दिनदर्शिका उघडावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी फार चढते आणि फार उतरते, त्यामुळे शिकण्यासारखे पाणी लवकर निघून जाते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, चढउतार कमी असल्याने तेच पाणी जास्त वेळ टिकते. आम्ही नकळत त्या दिवसांत गेलो होतो आणि आमच्या पदरात पडलेल्या सकाळी बऱ्याच अंशी त्या योगायोगाच्या होत्या.

निघताना अभिप्रायाच्या कागदावर मी दोन सूचना लिहिल्या : पहिल्या दिवशी समुद्रात पोहण्याची चाचणी घ्यावी आणि माहितीपत्रकातून सर्फिंगची ठरावीक वेळ काढून टाकावी. दीड महिन्याने आयोजकांचे उत्तर आले. पोहण्याची चाचणी सुरू केली आहे, असे त्यात सविस्तर आणि सौजन्याने कळवले होते. सोबत पुढच्या हंगामाचे नवे पत्रक जोडले होते, आणि त्यात सातही दिवसांपुढे, पहिल्यापेक्षा ठळक अक्षरांत, सकाळी ७ वाजता सर्फिंग.